उलटं बटण

बटणबाईंना हे नाव पहिल्यांदा कुणी दिलं, यावर पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कधीच एकमत झालं नाही. मीटरवाले म्हणत आमच्या साहेबांनी, पंपघरातले म्हणत आमच्या फिटरने. पण नाव चिकटलं ते चिकटलंच. बाई टायपिस्ट म्हणून लागल्या आणि टायपिस्ट म्हणूनच निवृत्त झाल्या. नळांना पाण्याचा दाब कमी झाला की कुणी ना कुणी त्यांच्या टेबलाशी येऊन म्हणायचंच, "बटणबाई, दाबा की तुमचं ते उलटं बटण. चढू दे पाणी वरच्या मजल्यावर." बाई मान वर न करता म्हणायच्या, "आधी तुमचं तोंड बंद करायचं बटण सापडू दे," आणि पुढची ओळ टाईप करायला घ्यायच्या.

तर हे बटण काय प्रकरण होतं ते आधी सांगायला हवं.

बाईंच्या तरुणपणी टीव्ही केंद्रावर अंतराळाची एक मालिका लागायची, 'सातवं यान'. यान पुठ्ठ्याचं. मागच्या काळ्या पडद्याला भोकं पाडून पलीकडून दिवा लावला की झाले तारे. तरी लोक कामं भराभर आटपून टीव्हीसमोर फतकल मारून बसायचे. बाई कचेरीतून आल्यावर या मालिकेची स्क्रिप्टं घरी टाईप करून द्यायच्या. मालिका अर्ध्यावर आली आणि लेखकमहाशय निर्मात्यांशी कडाकडा भांडून निघून गेले. चित्रीकरण तोंडावर आलेलं आणि हातात कागद कोरा. निर्माते थेट बाईंच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "तुम्ही एवढे भाग टाईप केलेत. एक लिहून टाका." म्हणजे एवढी वर्षं तिकिटं फाडलीत, आता गाडी चालवा, त्यातला प्रकार.

बाईंनी लिहिलं. गोष्ट अशी की यान चालवणारा भाऊ शनीजवळ अडकतो, इंधन संपतं, आणि यान शनीकडे ओढलं जायला लागतं. धाकटी बहीण इकडे पृथ्वीवर नियंत्रण कक्षात रिसीव्हरपाशी बसलेली. दोघं समोरासमोरच्या गॅलरीत उभी राहून बोलावं तशी बोलतात. इकडून प्रश्न, लगेच तिकडून उत्तर. भावाचा जीव गुदमरतो तेव्हा तो हवा यावी म्हणून यानाची खिडकी उघडतो आणि खिडकीचा पडदा चांगला फडफडतो. त्यात भर म्हणून, हेल्मेटच्या काचेत स्टुडिओचे दिवे चमकायला लागले तेव्हा कॅमेरावाल्याने काच काढून टाकायला लावली, आणि नट ते साफ विसरला. त्याने ऐन अंतराळात काचेतून हात आत घालून नाक पुसलं. ही चूक काही बाईंची नव्हती, पण तिचंही खापर त्यांच्याच डोक्यावर फुटलं.

या सगळ्यावर कडी केली ती शेवटाने. यान आता आदळणार, आणि तेवढ्यात भावाला खुर्चीखाली एक लाल बटण दिसतं. त्यावर लिहिलेलं असतं, 'उलट'. तो ते दाबतो. शनीचं गुरुत्वाकर्षण उलटं होतं, यान गपकन मागे फिरतं, आणि पुढच्या दृश्यात भाऊ दार ढकलून घरात येतो.

असं हे बटण. मालिका संपली, टीव्ही रंगीत झाला, बाईंचं लग्न झालं, मुलगा झाला, नवरा गेला, नात झाली. बटण होतं तिथंच राहिलं. त्यानंतर बाईंनी एक ओळही लिहिली नाही. कुणी विचारलं तर सांगायच्या, "एवढं नाव झालं, पुरे नाही का?"

एके दिवशी नात मोबाईल हातात घेऊन घुटमळत आली. "आजी, रागवणार नाहीस ना?"

"ते बघितल्यावर ठरवते. दाखव."

मोबाईलवर एक दाढीवाला तरुण तो भाग थांबवून थांबवून दाखवत होता आणि पोट धरून हसत होता. पडदा फडफडला, हसला. नाक पुसलं, खुर्चीवरून खालीच घसरला. म्हणाला, "ज्याने हे लिहिलं त्याच्या घरात विज्ञानाचं पुस्तक रद्दीतूनसुद्धा आलेलं नसणार." बाईंनी शेवटपर्यंत पाहिलं आणि मोबाईल परत दिला. पोरगा हसत होता त्याचं त्यांना काही वाटलं नाही. हसण्यासारखंच होतं ते. पण बटणावर तो जे बोलला ते लागलं. तो म्हणाला होता, "लेखकाला शेवट सुचला नाही, म्हणून त्याने पळ काढला."

शेवट सुचला होता. नीट सुचला होता, टाईपसुद्धा झाला होता. तो बदलला का, हे सांगायचं तर दादाकडे जावं लागेल.

दादा म्हणजे बाईंचा थोरला भाऊ. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. बाईंना तो 'ठमे' म्हणायचा, आणि त्या चिडल्या की आणखी दहादा म्हणायचा. माणूस मोठा शिस्तीचा. रेडिओ कधी खटकन बंद करायचा नाही. आधी आवाज हळूहळू खाली आणायचा, अगदी शून्यावर, आणि मग बंद. "बोलणाऱ्याच्या तोंडावर दार आपटू नये, ठमे," म्हणायचा. मग त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. त्या काळात त्यावर करण्यासारखं फारसं काही नव्हतं. दुकानाची फळी लागली आणि दादाची खाट बाईंच्या टाईपरायटरशेजारी आली.

तो भाग बाईंनी त्याच्या उशाशी बसून लिहिला. वाक्य मोठ्याने म्हणायच्या आणि टाईप करायच्या. दादा मध्येमध्ये टोकायचा. "अगं, शनीवरून आवाज असा लगेच येत नाही. तास तासभर लागेल." बाई म्हणायच्या, "मग काय लोकांना तासभर नुसतं बसवून ठेवू?" असं करत शेवटाशी आल्या. यान शनीत बुडतं, रिसीव्हर गप्प होतो, बहीण तो बंद करते. टाईप करून झालं. दादाने मान वळवून टाईपरायटरमधल्या कागदाकडे पाहिलं. मग म्हणाला, "एवढा लांब गेलाय बिचारा. घरी आण की त्याला."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. चादरीबाहेर आलेली त्याची पावलं सुजून तट्ट झाली होती. त्यांचा हात टाईपरायटरवरच होता. त्यावर एक कळ असते, दाबली की गाडा एक घर मागे सरकतो. बाईंनी ती दाबली, पुन्हा दाबली, ओळीच्या सुरुवातीपर्यंत दाबत गेल्या आणि त्या शेवटावर फुल्या मारल्या. खाली नवा शेवट लिहिला. यान चालवायचा प्रश्न टायपिस्टने सोडवला तो असा.

दादा खोकला लागेपर्यंत हसला. "असं बटण कुठं असतं का गं?"

"असतं. माझ्या यानात आहे."

तो भाग त्याने पाहिला. सगळ्यांत जास्त तोच हसला. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत गेला. बाईंना लिहिण्याचा वीट आला तो तेव्हा. ज्याच्यासाठी बटण लावलं तो काही परत फिरला नाही, आणि ज्याला परत आणला त्याच्यावर सगळा गाव हसत होता. दादाचा एक रेडिओ तेवढा बाईंनी कपाटावर ठेवला. तो बंदच होता, त्याचा एक व्हॉल्व्ह गेलेला. नवऱ्याने दोनदा आणि मुलाने तीनदा तो भंगारात काढायचा प्रयत्न केला. पाचही वेळा बाईंनी घर डोक्यावर घेतलं.

तर आता तो दाढीवाला. त्याला नातीकडून कळलं की लेखक बाई आहेत आणि हयात आहेत. तेव्हा तो चपापला आणि त्याने फोन केला. वाचनालयाच्या तळघरातल्या सभागृहात ते तरुण लोक महिन्यातून एकदा जुने, फसलेले कार्यक्रम लावतात आणि मनसोक्त हसतात. नाव 'भंगार शनिवार'. पुढच्या महिन्यात 'सातवं यान'. बाई येतील का?

मुलगा फोनजवळच उभा होता. तो नको नको म्हणून हात हलवत होता.

"येते," बाई म्हणाल्या. "पण एका अटीवर. तुमचं हसून झालं की मी तोच भाग नव्याने लिहून आणीन, तो तिथं वाचायचा. विज्ञान बरोबर असलेला. बटण नसलेला. चालेल?"

दाढीवाल्याला ना म्हणता आलं नाही.

"आई, कशाला?" मुलगा म्हणाला. "आयुष्यभर चेष्टा झाली, आता या वयात पुन्हा हौस?"

"हौस नाही रे. एक काम अर्धवट राहिलंय. मी सुधारते की नाही ते बघायचंय मला."

"आणि नाही जमलं तर?"

"तर लोक हसतील. त्याची सवय आहे मला."

खालच्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर राहायचे. जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलेलं, त्यामुळे कुणी शंका विचारली की पेन्शन वाढल्यासारखे खूश व्हायचे. बाई जुना भाग घेऊन त्यांच्याकडे गेल्या. मास्तरांनी चष्मा पुसला आणि लाल पेन काढलं. खिडकी काढली. पडदा काढला. स्फोटाचा आवाज काढला, कारण हवाच नाही तर आवाज कशातून येणार. बटणावर तर इतक्या जोरात काट मारली की कागद फाटला. बाई रोज दुपारी जायच्या, ऐकायच्या, नाही समजलं तर समजेपर्यंत मास्तरांना हलू द्यायच्या नाहीत. पोरं परीक्षेच्या आदल्या दिवशी करतात तशी घोकंपट्टी त्यांना चालत नव्हती. एकदा मास्तरांची बायकोच आतून ओरडली, "अहो, त्यांना पास करून टाका, जेवायचं थांबलंय!"

सगळ्या चुका निघाल्या तेव्हा बाईंच्या लक्षात आलं की आता भाऊ तिसऱ्याच पानावर मरतो.

"मास्तर, तुम्ही माणूस मारलात."

"मी नाही हो. इंधन संपलं, शनी समोर. त्याला कोण काय करणार?"

मग बाईंनी चोरवाटा शोधायला सुरुवात केली. एकदा शेजारून दुसरं यान जाताना दाखवलं. एकदा कुणालाच ठाऊक नसलेली इंधनाची टाकी सापडली. एकदा तर शनीच्या चंद्रावर परोपकारी जीव निघाले. मास्तर प्रत्येक वेळी वाचायचे आणि पान परत सरकवायचे. "बाई, हेही बटणच आहे. टोपी घातली म्हणून मला ओळखू येणार नाही असं वाटलं का तुम्हाला?"

चौथ्या की पाचव्या वेळी बाईंनी पान ओढून घेतलं. आवाज चढला. "एकदा मेलाय तो, मास्तर! मी त्याला पुन्हा कशी मारू?"

मास्तरांनी पेनाला टोपण लावलं. बाईंनी मग दादाची सगळी हकीकत सांगितली, फुल्या मारलेल्या शेवटासकट. ती त्यांनी आजवर नवऱ्यालाही सांगितली नव्हती. मास्तर ऐकून घेत राहिले. उठताना बाई म्हणाल्या, "मला वाटलं होतं, विज्ञान शिकले की शेवट आपोआप लिहिता येईल. तो काही येत नाही."

"तुमचा भाऊ फार हुशार होता पण," मास्तर म्हणाले. बहुधा काहीतरी बरं बोलावं म्हणूनच. "आवाजाला तासभर लागतो, हे त्याला तेव्हा माहीत होतं. तासाहून थोडा जास्तच लागतो. म्हणजे बघा, यान गेल्यानंतरही तेवढा वेळ इथं त्याचं बोलणं येतच राहणार."

बाई दारात थांबल्या. "पुन्हा सांगा."

मास्तरांनी पुन्हा सांगितलं. इथल्या घड्याळाप्रमाणे यान बुडालेलं असेल. भाऊ संपलेला असेल. पण तो आधी जे काही बोललाय ते अजून वाटेत आहे. ते येणारच. त्याला कुणी अडवू शकत नाही.

"आणि मी काही बोलले तर?"

"ते त्याच्यापर्यंत पोचणार नाही."

"नाही पोचलं तरी बोलेन," बाई म्हणाल्या, आणि गुडघेदुखी विसरून जिना चढून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नातीच्या कॉम्प्युटरसमोर बसल्या. या यंत्रावर एक कळ दाबली की लिहिलेलं सगळं गिळलं जातं, मागमूस राहत नाही. बाईंनी नातीला सांगितलं, "मी त्या कळेला हात लावताना दिसले तर माझ्या हातावर फटका मार." नात बाजूला बसून राहिली. फटका मारायची वेळ आली नाही. संध्याकाळपर्यंत भाग लिहून झाला. बाईंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, नाक लाल झालं होतं, पण बोटं थांबली नाहीत. एकदा नात म्हणाली, "आजी, थोडं थांबूया का?" त्यावर उत्तर आलं, "आज थांबले तर पुन्हा टाकी सापडेल."

तालमीत भावाचं काम दाढीवाल्याने वाचायचं ठरलं आणि बहिणीचं बाई स्वतः वाचणार होत्या. मधल्या सूचना वाचायला नात. सगळं नीट बसलं. फक्त शेवटची सूचना आली की बाई कागद मिटायच्या. ती सूचना होती, 'बहीण रिसीव्हर बंद करते.' म्हणायच्या, "ते तिथं बघू." नातीने एकदा विचारलं, "आणि नाही झालं तुझ्याच्याने तर?" बाई कपाटाकडे गेल्या. दादाचा रेडिओ त्यांनी कपाटावरून उतरवला, पुसला, आणि शनिवारी नातीबरोबर वाचनालयात नेला. टेबलावर रिसीव्हर म्हणून तोच ठेवायचा होता.

सभागृह भरलं होतं. आधी जुना भाग लावला. लोक हसले, शिट्ट्या मारल्या, नाक पुसलं तेव्हा टाळ्या पडल्या. बटण आलं तेव्हा तर सगळ्यांनी एका सुरात "उलट!" म्हणून आरोळी ठोकली. बाई पहिल्या रांगेत होत्या. पडद्याचं फडफडणं पाहून त्यांना स्वतःलाच आवरेना. त्याही हसल्या. मुलगा मागे कुठंतरी अंग चोरून बसला होता.

मग दिवे लागले. टेबल आलं, तीन खुर्च्या आल्या, रेडिओ आला. लोक अजून खुसखुसत होते. वाचन सुरू झालं. यान अडकतं, इंधन संपतं. इकडून प्रश्न जातो आणि उत्तरासाठी बहीण ताटकळत बसते. प्रेक्षक हळूहळू गप्प होत गेले. मग नातीने वाचलं, "घड्याळ ती वेळ दाखवतं. यान आता नाही. कक्षातले लोक टोप्या काढतात आणि एकेक करून बाहेर जातात. बहीण जागची हलत नाही. रिसीव्हरमधून भावाचा आवाज येतच आहे."

"ठमे, ऐकतेस ना?" दाढीवाल्याने वाचलं.

"ऐकतेय."

"कपाटावरचा रेडिओ कुणाला देऊ नकोस. त्याचा फक्त एक व्हॉल्व्ह गेलाय."

"नाही देत. पाच वेळा भांडलेय त्यासाठी."

"तू माझ्यामागे रडत बसशील. नको बसू. तुझं नाक फार लाल होतं."

"होऊ दे. तुला कुठं दिसतंय?"

दाढीवाल्याने पाण्याचा घोट घेतला आणि पुढची ओळ वाचली. "आत्ता इथं एखादं बटण असतं तर बरं झालं असतं. नाही का गं?"

सभागृहात हसू आलं. आलं आणि तिथल्या तिथं जिरलं. कुणीतरी मागे नाक ओढलं.

बाईंनी कागदाकडे पाहिलंच नाही. "नाही रे दादा. तसं बटण नसतं. मी खूप शोधलं. पण तू बोल, मी इथंच आहे."

"झालं गं बोलून माझं," दाढीवाल्याने वाचलं. त्याने पान खाली ठेवलं.

नातीने शेवटची सूचना वाचली. "बहीण रिसीव्हर बंद करते."

बाई तशाच बसून राहिल्या. नातीने एकदा आजीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. बाईंनी हात उचलला, टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला. रेडिओ बंदच होता. कितीतरी वर्षं बंद होता, हे त्या खोलीत बाईंइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरी त्यांनी खटकन काही केलं नाही. दोन बोटांत ते गोल बटण धरलं आणि आवाज हळूहळू खाली आणायला लागल्या. खाली, आणखी खाली, अगदी शून्यावर. आणि मग बंद केला.